र्योगोकुची पहाटेची रांग

टोकियो शहराच्या पूर्व भागातून सुमिदा नदी वाहते. तिच्या पैलतीरावर र्योगोकु नावाची जुनी वस्ती आहे. ‘र्योगोकु’ या शब्दाचा अर्थ ‘दोन प्रांत’ असा होतो. नदीच्या एका बाजूचा मुसाशी आणि दुसऱ्या बाजूचा शिमोसा, या दोन प्रांतांना जोडणारा पूल सतराव्या शतकात येथे बांधला गेला आणि पुलाचेच नाव पुढे वस्तीला मिळाले. आज हे नाव उच्चारताच जपानी माणसाच्या डोळ्यांसमोर सुमो कुस्ती उभी राहते. रेल्वे स्थानकाच्या पश्चिम द्वारातून बाहेर पडताच हिरवट छपराची एक प्रशस्त वास्तू दिसते. तेच ‘कोकुगिकान’, म्हणजे राष्ट्रीय क्रीडेचे भवन. सुमारे ११,००० प्रेक्षक सामावून घेणारी ही वास्तू जानेवारी १९८५ मध्ये खुली झाली.

सुमोच्या मोठ्या स्पर्धा वर्षातून सहा वेळा, विषम महिन्यांत होतात. जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या स्पर्धा टोकियोत, मार्चची ओसाकात, जुलैची नागोयात आणि नोव्हेंबरची फुकुओकात. प्रत्येक स्पर्धा रविवारी सुरू होते आणि पंधराव्या दिवशी, रविवारीच संपते. टोकियोतील स्पर्धेच्या दिवसांत कोकुगिकानसमोर मल्लांच्या नावांचे रंगीबेरंगी उभे ध्वज फडकत असतात. प्रवेशद्वाराजवळ सुमारे १६ मीटर उंचीचा एक मनोरा आहे. सकाळी त्याच्यावरून ढोल वाजू लागतो आणि परिसराला वर्दी मिळते की आज कुस्त्या आहेत.

परंतु ढोल वाजण्याच्या कितीतरी आधी, अंधार सरण्यापूर्वीच, या भवनासमोरच्या पदपथावर माणसे येऊन उभी राहिलेली असत. ही त्याच दिवसाच्या तिकिटांची रांग. आगाऊ तिकिटे महिनाभर आधी विक्रीस निघून संपून गेलेली असली, तरी सुमो संघ दर दिवशी काही जागा हातच्या राखून ठेवी आणि त्या त्याच सकाळी, त्याच खिडकीवर, समोर उभ्या असलेल्या माणसालाच विकी. २०२० च्या महामारीपूर्वीच्या दशकात अशा जागा दिवसाला सुमारे ४०० असत. दर होता प्रौढांना २,२०० येन आणि चार ते पंधरा वर्षांच्या मुलांना अवघे २०० येन.

व्यापारात वाढलेल्या माणसाला यातील वेगळेपण चटकन लक्षात येईल. मागणी चढली की भाव चढतो, हा बाजाराचा सर्वपरिचित नियम. येथे मात्र अखेरच्या रविवारी, विजेतेपदाच्या निर्णायक दिवशी, दहापट माणसे दारात उभी असली तरी त्या शेवटच्या जागांचा भाव तसूभरही वाढत नसे. पैशाच्या जागी दुसरेच चलन मागितले जाई. ते म्हणजे पहाटेची झोप आणि रांगेत उभे राहण्याची तयारी. हे चलन श्रीमंताकडे गरिबापेक्षा अधिक नसते. म्हणूनच या साध्या रांगेकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे.

दानातून जन्मलेले तिकीट

या परिसराचा इतिहास एका महासंकटापासून सुरू होतो. १६५७ मध्ये एडो, म्हणजे आजचे टोकियो, भीषण आगीत होरपळले. मृतांची संख्या एक लाखाच्या घरात गेली, असे परंपरेने सांगितले जाते. नदीवर पूल नसल्याने असंख्य लोकांना पलीकडे पळता आले नाही. पुढे पूल बांधला गेला त्याचे कारणही हेच. ज्यांच्या देहावर हक्क सांगायला कोणीही उरले नव्हते, अशा मृतांसाठी नदीच्या पूर्व काठावर एकोइन हे बौद्ध मंदिर उभारण्यात आले. या मंदिराचा एक विशेष असा की येथे केवळ माणसांसाठीच नव्हे, तर पशूंच्या स्मृत्यर्थही प्रार्थना होत आली आहे. घोडे, कुत्री, मांजरे यांच्या स्मरणशिळा तेथे आजही आहेत.

त्या काळी जपानात मंदिरांच्या बांधकामासाठी आणि डागडुजीसाठी निधी उभा करण्याची एक रीत होती. मंदिराच्या प्रांगणात कुस्त्या भरवायच्या आणि प्रेक्षकांकडून जमलेले द्रव्य धर्मकार्याला लावायचे. अशा कुस्त्यांना ‘कान्जिन-झुमो’, म्हणजे दानासाठीचे सुमो, असे म्हणत. गर्दीत मारामाऱ्या होतात म्हणून एडोच्या शासनाने त्यांवर काही काळ बंदी घातली होती. १६८४ मध्ये तोमिओका हाचिमान या देवस्थानाच्या आवारात त्यांना पुन्हा रीतसर परवानगी मिळाली. एकोइनच्या प्रांगणात पहिल्या कुस्त्या १७६८ मध्ये झाल्या आणि १८३३ पासून तेच स्पर्धांचे कायमचे ठिकाण ठरले. प्रेक्षक जे मोल देई ते अशा रीतीने मुळात दान होते. काळाच्या ओघात दान मागे पडले आणि व्यवसाय उरला. तरीही सर्वसामान्य माणसाला दाराबाहेर ठेवायचे नाही, ही भावना पूर्णपणे पुसली गेली नाही.

उघड्यावरच्या कुस्त्या पावसावर अवलंबून असत. १९०९ मध्ये एकोइनलगतच घुमटाकार छताचे पहिले कोकुगिकान बांधले गेले. टोकियो मध्यवर्ती स्थानकाची प्रसिद्ध लाल इमारत रचणारे तात्सुनो किंगो हेच त्याचे वास्तुरचनाकार होते. आग, १९२३ चा भूकंप आणि महायुद्धातील बाँबवर्षाव हे सर्व त्या इमारतीने सोसले. युद्धानंतर ती सुमोच्या हातून गेली. १९५० पासून १९८४ पर्यंत नदीपलीकडच्या कुरामाए येथे स्पर्धा होत राहिल्या. १९८५ मध्ये सुमो आपल्या जुन्या काठावर परतले, ते आजच्या कोकुगिकानमध्ये.

वीस पेढ्या आणि एक खिडकी

रांगेतल्या तिकिटाचे महत्त्व कळण्यासाठी बाकीची तिकिटे कशी विकली जात, हे पाहावे लागेल. कोकुगिकानमध्ये कुस्तीच्या रिंगणालगत जमिनीवर गाद्या अंथरलेल्या असतात. ही सर्वांत मानाची बैठक. तेथे खाण्यापिण्यास आणि छायाचित्रे काढण्यास मनाई असते, कारण दीडशे किलोंचा मल्ल केव्हा अंगावर येऊन कोसळेल याचा नेम नसतो. तिच्यामागे ‘मासु’ नावाचे चौकोन असतात. मासु म्हणजे तांदूळ मोजण्याचे चौकोनी लाकडी माप. आपल्याकडे पायली-मापटे, तसे तिकडे मासु. त्या मापासारख्या आकाराच्या चौकोनात चार माणसांनी जोडे काढून, मांडी घालून बसायचे असते. जागा इतकी बेताची की चौघांनी पाय पसरायचे ठरवले तर चौघांचेही हाल. वरच्या मजल्यावर खुर्च्या असतात आणि त्यांचे दर पुढून मागे उतरत जातात.

मासुमधील जागांचा मोठा भाग पूर्वापार वीस ‘चाया’, म्हणजे चहागृहांमार्फत, विकला जाई. नाव चहागृहांचे असले तरी या खऱ्या अर्थाने पेढ्याच आहेत. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडे चालत आलेल्या, स्वतःचे ठरलेले ग्राहक सांभाळणाऱ्या आणि वहीपेक्षा विश्वासावर अधिक चालणाऱ्या. ग्राहक आला की जुन्या धाटणीचा पायजमा घातलेला सेवक त्याला जागेपर्यंत पोहोचवतो. खाद्यपदार्थ, चहा आणि भेटवस्तूंची पिशवी आणून देतो. ग्राहकही रीतीप्रमाणे त्याच्या हातावर बक्षिसी ठेवतो. मोठ्या कंपन्या आपल्या व्यापारी पाहुण्यांना याच चौकोनांत नेऊन बसवतात.

या व्यवस्थेत जिव्हाळा आहे, तसा दोषही आहे. ज्याची ओळख नाही, त्याला चांगली जागा कशी मिळणार, हा प्रश्न जपानमध्येच विचारला गेला. १९५७ मध्ये तो थेट संसदेत पोहोचला. सुमो संघाच्या कारभाराची तेथे चिकित्सा झाली आणि त्याच वर्षी चहागृहांची मिळून एक कंपनी करण्यात आली. प्रत्येकाला १ ते २० असा क्रमांक मिळाला. जुनी नावे लोकांच्या तोंडी राहिली, पण कागदोपत्री ती ‘मार्गदर्शन केंद्रे’ झाली. पुढे संगणकावरून आणि दुकानांतील यंत्रांवरूनही तिकिटे मिळू लागली.

एका बाजूला पिढीजात ओळखीवर चालणाऱ्या वीस पेढ्या, दुसऱ्या बाजूला क्षणार्धात विकली जाणारी आगाऊ तिकिटे आणि या दोहोंच्या मधे ती एक खिडकी. तेथे ना ओळख चाले, ना वशिला, ना घाई. २०१७ च्या सुमारास चार माणसांच्या मासुला सर्वांत मागच्या ओळीत ३८,००० येन पडत. वरच्या मजल्यावरील सर्वांत स्वस्त आरक्षित खुर्ची ३,८०० येनांना मिळे. खिडकीवरचे तिकीट त्याहूनही स्वस्त होते.

रांगेची शिस्त

रांगेचा नियम एका वाक्यात सांगता येण्याजोगा होता : एका माणसाला एकच तिकीट, आणि तेही जो स्वतः उभा आहे त्यालाच.

हा नियम दिसतो तितका सोपा नाही. स्पर्धेच्या दिवसांत टोकियोस आलेला एखादा भारतीय व्यापारी डोळ्यांसमोर आणावा. उएनो स्थानकाजवळचे ओकाचिमाची हे हिरे, मोती आणि रत्नांच्या घाऊक व्यापाराचे केंद्र अनेक जैन पेढ्यांना परिचित आहे. तेथून र्योगोकु फार दूर नाही. एक स्थानक पुढे अकिहाबारा, तेथे गाडी बदलायची, आणि सोबु मार्गावरील दुसरे स्थानक र्योगोकु. असा व्यापारी पत्नी-मुलांना हॉटेलात झोपू देऊन, कुटुंबप्रमुखाच्या जबाबदारीने, पहाटे एकटाच रांगेत येऊन उभा राहिला, तर दोन तासांनंतर त्याच्या हाती एकच तिकीट पडे. चौघांचे पैसे मोजण्याची तयारी असली तरी उपयोग नव्हता. तिकीट विकत घेण्याचा अधिकार पैशाने नव्हे, उपस्थितीने मिळत होता. कुटुंबाला आत जायचे असेल तर कुटुंबानेच पहाटे उठायला हवे. आजोबांनी आणि नातवानेसुद्धा.

याचा लाभ मात्र सर्वांनाच होई. पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या मागे त्याचे न आलेले दहा नातलग दडलेले नाहीत, ही खात्री प्रत्येकाला असे. म्हणून रांगेतील शंभरावा माणूस मनाशी हिशेब करू शके की आपला क्रमांक शंभरच आहे. एकाने सर्वांसाठी घ्यायची मुभा असती, तर तोच शंभरावा माणूस प्रत्यक्षात चारशेवा ठरला असता. जपानी रांगेतील शांततेचे मूळ अशा नियमात आहे. जेथे हिशेब उघड असतो, तेथे धक्काबुक्की करण्याचे कारण उरत नाही.

खिडकी साधारणपणे सकाळी आठच्या सुमारास उघडे. स्पर्धेच्या पहिल्या आठवड्यात, कामाच्या दिवशी, सातच्या सुमारास पोहोचणाऱ्यालाही तिकीट मिळण्याची आशा असे. पहिला दिवस, शनिवार-रविवार आणि अखेरचे काही दिवस यांची गोष्ट वेगळी. त्या दिवशी लोक पहिल्या गाडीने येत, काही तर रात्रीपासूनच मुक्काम ठोकत. गर्दी फार झाली की कर्मचारी क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटत. ठरलेली संख्या पूर्ण झाली की पुढच्या माणसांना नम्रपणे वाकून सांगितले जाई की आजच्या जागा संपल्या. तो माणूसही उलट वाकून नमस्कार करी आणि स्थानकाकडे वळे.

जानेवारीतील टोकियोची पहाट हाडे गोठवणारी असते. सूर्य सात वाजण्याच्या थोडाच आधी उगवतो. उबदार डगले, हातमोजे, गुडघ्यांवर घ्यायची शाल, बसायला घडीचे छोटे आसन, थर्मासमधला गरम चहा अशी तयारी करून आलेले जाणते प्रेक्षक रांगेत दिसत. त्यांच्या हातात दिवसभराच्या लढतींचा कागद असे आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी परदेशी माणसालाही ते त्यावर बोट ठेवून आजची मोठी लढत कोणती ते हौसेने दाखवत.

शेवटच्या ओळीतून

दाराशी तिकीट फाडणारी माणसे पाहून नवखा प्रवासी चकित होतो. निळ्या जाकिटातले ते धिप्पाड गृहस्थ म्हणजे निवृत्त मल्ल असतात. ज्यांच्या लढती पाहायला कधीकाळी देश लोटत असे, तेच आता संघाचे ज्येष्ठ सदस्य म्हणून दारात उभे राहून प्रत्येकाच्या तिकिटाचा कोपरा फाडतात. कितीही मोठा मल्ल झाला तरी निवृत्तीनंतर पहिली सेवा साधीच करायची, ही तेथील रीत आहे.

२,२०० येनांची जागा दुसऱ्या मजल्यावर, अगदी शेवटच्या ओळीत असे. पाठीमागे भिंत आणि खाली, खूप दूरवर, प्रकाशाच्या वर्तुळात मातीचा चौथरा. त्यावरील कुस्तीचे वर्तुळ ४.५५ मीटर व्यासाचे असते. वर्तुळावर मंदिराच्या शिखरासारखे छत टांगलेले दिसते. पूर्वी ते चार खांबांवर उभे होते. प्रेक्षकांच्या दृष्टीआड काही येऊ नये म्हणून १९५२ मध्ये खांब काढण्यात आले आणि चार रंगांचे गोंडे तेवढे ठेवण्यात आले. सभागृहात वरच्या बाजूला चारही दिशांना मागील ३२ विजेत्यांची भव्य चित्रे लावलेली असतात. नवा विजेता झाला की त्याचे चित्र वर चढते आणि सर्वांत जुने खाली उतरते. स्वस्त जागेवर बसणाऱ्यालाच ही चित्रे सर्वांत जवळून दिसतात.

या तिकिटाचे खरे मोल मात्र सकाळच्या वेळेत आहे. पहिल्या कुस्त्या साडेआठ-नऊच्या सुमारास सुरू होतात. मोठे मल्ल दुपारनंतर येतात, आणि सर्वोच्च श्रेणीच्या लढती चारनंतर सुरू होऊन सहाला संपतात. मासुचे धनी बहुधा दुपारीच येतात. त्यामुळे सकाळी हजारो गाद्या रिकाम्या असतात आणि वर्तुळात अठरा-वीस वर्षांची मुले लढत असतात. पूर्वी शेवटच्या ओळीतले प्रेक्षक सकाळी खाली येऊन रिकाम्या जागांजवळून कुस्त्या पाहत. जागेचा धनी आला की तत्काळ उठायचे, हा अलिखित संकेत होता. पुढे कर्मचारी याबाबत अधिक काटेकोर झाले. तेव्हा ज्याने आपली जागा सोडायची नाही असे ठरवले, तोच योग्य वागला म्हणायचे.

सकाळी लढणाऱ्या त्या मुलांविषयी थोडे सांगायला हवे. सुमोमध्ये सहा श्रेणी आहेत आणि सहाशेच्या आसपास मल्ल आहेत. त्यांपैकी वरच्या दोन श्रेणींतील ७० मल्लांनाच मासिक वेतन मिळते. बाकीच्यांना आखाड्यात राहायला-जेवायला मिळते, स्पर्धेपुरता थोडा भत्ता मिळतो, पगार नाही. ते पहाटे उठून सराव करतात, वडीलधाऱ्या मल्लांची कामे करतात, स्वयंपाक करतात आणि पंधरा दिवसांच्या स्पर्धेत सात लढती लढतात. सातांपैकी चार जिंकल्या तर एखादी पायरी वर, चार हरल्या तर खाली. टाळ्या वाजवायला समोर फारसे कोणी नसते. पहाटेच्या रांगेतून आलेला प्रेक्षक हाच त्यांचा प्रेक्षक. दोघांनीही आपला दिवस अंधारात सुरू केलेला असतो.

संध्याकाळचे दृश्य अगदी वेगळे. मोठ्या लढतीपूर्वी व्यापारी कंपन्यांच्या नावांच्या पताका घेऊन सेवक वर्तुळाभोवती फेरी मारतात. जितक्या पताका, तितके बक्षीस. २०१९ पासून एका पताकेचा दर ७०,००० येन आहे. त्यातील काही भाग संघाकडे जातो, काही मल्लाच्या नावे कर आणि बचत यांसाठी ठेवला जातो आणि उरलेला पाकिटातून तिथल्या तिथे विजेत्याच्या हाती येतो. पाकीट उचलण्यापूर्वी विजेता हाताने हवेत तीन वेळा रेघ ओढतो. ती देवतांप्रती कृतज्ञता मानली जाते. हरलेल्या मल्लासमोर विजयाचा आनंद दाखवणे तेथे अशिष्ट समजतात. जिंकणारा आणि हरणारा दोघेही वाकून नमस्कार करतात आणि शांतपणे निघून जातात.

ओसंडणारे आणि ओस पडलेले सभागृह

सभागृह भरले की टांगलेल्या छताजवळ चार अक्षरांचा फलक उतरवला जातो. त्याचा आशय असा : ‘सभागृह भरले, आपले आभार.’ त्या दिवशी संबंधितांना लाल-पांढऱ्या पाकिटात छोटे नाणे वाटले जाते. रक्कम नगण्य असते, पण त्यामागील भाव मोठा आहे. धंदा चांगला झाला की त्याचा आनंद सर्वांनी वाटून घ्यायचा.

हा फलक नोव्हेंबर १९८९ पासून मे १९९७ पर्यंत स्पर्धेचे सलग ६६६ दिवस झळकला. वाकानोहाना आणि ताकानोहाना या सख्ख्या भावांनी त्या काळी देशाला वेड लावले होते. नंतर मात्र ओहोटी लागली. २०११ मध्ये लढती संगनमताने हरल्या-जिंकल्या गेल्याचे उघडकीस आले आणि मार्चची स्पर्धा रद्द करण्याची नामुष्की संघावर ओढवली. मे महिन्यात जी स्पर्धा झाली, तिला बक्षिसे नव्हती आणि प्रेक्षकांना प्रवेश निःशुल्क होता. विश्वास गमावलेल्या संस्थेला तिकिटाचे मोल मागण्याचा नैतिक अधिकार उरत नाही, हे संघाने त्या कृतीतून मान्य केले असेच म्हणावे लागेल. दुकानाची पत गेली की माल फुकट दिला तरी गिऱ्हाईक बिचकते, हे पेढीवर बसणाऱ्याला वेगळे सांगायला नको. ती पत परत मिळवायला संघाला काही वर्षे लागली.

जानेवारी २०१७ मध्ये किसेनोसातो हा मल्ल स्पर्धा जिंकून ‘योकोझुना’ या सर्वोच्च पदावर पोहोचला. जपानमध्ये जन्मलेला मल्ल त्या पदावर चढला तो तब्बल एकोणीस वर्षांनी. तिकिटांसाठी झुंबड उडाली. आगाऊ तिकिटे विक्रीला येताच संपू लागली आणि खिडकीवरच्या त्या शेवटच्या जागांचे महत्त्व अनेक पटींनी वाढले. अशा काळात भाव वाढवणे सहज शक्य होते. संघाने तो वाढवला नाही.

आज जाणाऱ्यांसाठी

मार्च २०२० ची ओसाकातील स्पर्धा प्रेक्षकांविना झाली आणि मे महिन्यातील स्पर्धा रद्द झाली. जुलैमध्ये कोकुगिकान उघडले तेव्हा दिवसाला फक्त २,५०० प्रेक्षकांना प्रवेश होता. माणसांना एकमेकांजवळ उभे करणारी पहाटेची रांग त्या काळात अर्थातच थांबली. तेव्हापासून त्याच दिवशीच्या तिकिटांची संख्या, दर आणि विक्रीची पद्धत बदलत आली आहे. म्हणून प्रवास ठरवताना जुन्या मार्गदर्शक पुस्तकांवर विसंबू नये. त्या-त्या स्पर्धेसाठी सुमो संघ जी अधिकृत घोषणा करतो, तीच पाहावी. आगाऊ तिकिटे स्पर्धेच्या साधारण महिनाभर आधी निघतात. ज्यांच्या प्रवासाच्या तारखा पक्क्या आहेत त्यांनी त्याच दिवशी प्रयत्न करावा. अनोळखी व्यक्तीकडून चढ्या भावाने तिकीट घेण्याचा मोह टाळावा. १४ जून २०१९ पासून जपानमध्ये तिकिटांच्या बेकायदा फेरविक्रीविरुद्ध स्वतंत्र कायदा लागू आहे, आणि असे तिकीट दारात नाकारले जाऊ शकते.

शाकाहारी कुटुंबांनी भोजनाचा विचार आधी करावा. मल्लांचे प्रसिद्ध ‘चांको-नाबे’ हे मांस-मासळीचे कालवण आहे आणि भवनाची ख्याती कोंबडीच्या मांसाच्या काड्यांसाठी आहे. भाज्यांचे वाटणारे सारही बहुधा मासळीच्या अर्कात शिजवलेले असते. तेव्हा केवळ पाहून निर्णय करू नये. सकाळी न्याहारी करून निघावे. एकदा बाहेर जाऊन परत येण्याची मुभा पूर्वी असे. ती त्या दिवशी आहे का, हे दारातच विचारावे आणि असल्यास दुपारी बाहेर जाऊन सोबतचे कोरडे खाद्य घ्यावे. त्याच फेरीत एकोइन पाहता येते. ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मार्चमध्ये जाणाऱ्यांना ओसाकातील स्पर्धा सोयीची. तेथून कोबे रेल्वेने अर्ध्या तासावर आहे आणि कोबेच्या कितानो भागात संगमरवरी जैन मंदिर आहे.

तिकीट मिळालेच नाही तर? स्पर्धेच्या काळात र्योगोकुच्या रस्त्यांवरून केसांना सुवासिक तेल लावलेले, सुती किमोनो घातलेले तरुण मल्ल चालत येताना दिसतात. भवनाबाहेर थांबलेले लोक त्यांना नावाने हाक मारतात. संध्याकाळी सहाला शेवटची लढत संपते, एक मल्ल धनुष्य फिरवण्याचा विधी करतो आणि मनोऱ्यावरून पुन्हा ढोल वाजतो. उद्या परत या, असा त्याचा अर्थ. शेवटच्या दिवशी मात्र हा ढोल वाजत नाही, कारण उद्या कुस्त्या नसतात. ज्यांना आज दारातून परतावे लागले, त्यांच्यासाठीही ते निमंत्रण तितकेच खरे असते. उद्याची पहाट पुन्हा सर्वांना सारखीच, आणि रांगेत पहिला क्रमांक अजून कोणाचाच नसतो.